फोटो सुधारायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

फोटोशॉपचं मूळ आपल्या ट्रॉयपासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर आहे. अ‍ॅन आर्बरला मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नॉल यांनी १९८७ मध्ये ते लिहायला घेतलं, भाऊ जॉन साथीला आले आणि १९९० मध्ये अडोबीनं ते बाजारात आणलं.

म्हणून नवशिक्यानं तिथूनच सुरुवात करावी असं नाही. आधी काम ठरवा. गणपतीतले फोटो सरळ करायचे, कडा कापायच्या, उजेड वाढवायचा, एवढ्याला फोनमधली सोय पुरते. आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोवरचे डाग आणि चिरा काढायच्या असतील, तर मोफत मिळणारं गिंप वापरून बघा. शिकायला वेळ लागतो, पण वर्गणी नाही. फोटोशॉपची वर्गणी थांबली, की तेही थांबतं.

एक पथ्य मात्र पाळा. मूळ स्कॅनला हात लावू नका, कॉपीवरच काम करा. जेपेग फाईल बदल करून पुन्हा पुन्हा सेव्ह केली, की दर वेळी थोडी खराब होते. मूळ स्कॅन वेगळ्या डिस्कवर ठेवाच, शिवाय भारतातल्या भावा-बहिणीलाही एक प्रत पाठवा.