रेखाटन स्वस्त झाले, पारख महागली

एखाद्या साबणाला नवे वेष्टन हवे असले की उत्पादक जाहिरातसंस्थेची पायरी चढत असे. तेथील कलाविभागात तरुण मंडळी आठवडाभर रेखाटने करीत. त्यांतील एक पसंत पडे. बाकीची केराच्या टोपलीत जात. २०२२ साली मिडजर्नी, स्टेबल डिफ्यूजन यांसारखी चित्रे निर्माण करणारी साधने सर्वसामान्यांच्या हाती आली आणि आठवड्याचे हे काम काही मिनिटांवर येऊन ठेपले. साहजिकच, आता डिझायनर हवा कशाला, असा प्रश्न विचारला जात आहे.

एखादी वस्तू स्वस्त झाली की तिला पर्याय असलेल्या वस्तूची मागणी घटते आणि तिला पूरक असलेल्या वस्तूची मागणी वाढते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. यंत्र रेखाटने पुरवू लागले, तेव्हा निव्वळ हाताच्या सफाईचे मोल उतरणार, हे उघड आहे. परंतु शंभर रेखाटनांतून योग्य ते पारखणे, ग्राहकाने न सांगितलेली गरज ओळखणे आणि निर्णय चुकल्यास त्याची जबाबदारी घेणे, ही कामे यंत्राला पूरक आहेत. औषधाच्या बाटलीवरील सूचना वृद्ध रुग्णाला कंदिलाच्या उजेडात वाचता येईल काय, ही चिंता माणसालाच वाहावी लागते.

ही दृष्टी नवी नाही. चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात आपल्या घरोघरीच्या लोट्याचा गौरव केला होता. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावर न्यायचा की कमरेवर, ओतताना धार कशी पडावी, किंमत किती असावी, अशा प्रश्नांची मालिकाच त्यांनी मांडली. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली उभी राहिली, ती याच अहवालाच्या प्रेरणेने. आरेखनाचा प्राण प्रश्नांत असतो, हे त्या लोट्याने तेव्हाच शिकविले होते.

मात्र येथेच खरी अडचण उद्भवते. असे प्रश्न विचारण्याची पारख जन्मजात नसते. टोपलीत गेलेली ती रेखाटने हीच तरुणांची शाळा होती. आपले चित्र का नाकारले गेले, हे वरिष्ठांच्या तोंडून ऐकता ऐकता उमेदवाराचा डिझायनर होत असे. आता उमेदवार न नेमणे हे प्रत्येक संस्थेच्या फायद्याचे आहे आणि अनुभवी माणूस मात्र प्रत्येकीला हवा आहे. शिडीची खालची पायरी काढून घेतल्यावर वर पोहोचणार कोण? एकेका संस्थेची काटकसर उद्या सगळ्या व्यवसायाची टंचाई ठरेल.

बाजारपेठ हा खर्च आपण होऊन उचलणार नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामागे उद्योगांनी प्रशिक्षणाचा भार उचलावा हेच तत्त्व होते. ते या व्यवसायात नव्या निष्ठेने राबविले पाहिजे. कलाशिक्षणसंस्थांनीही केवळ नव्या साधनांचे वर्ग काढून समाधान मानू नये. विद्यार्थ्याला आधी हाताने रेखाटू द्यावे, मग यंत्राच्या चित्रातील दोष दाखवावयास सांगावे आणि आपली निवड सर्वांसमोर समर्थित करावयास लावावे. यंत्र चित्रे वाटेल तितकी देईल. नको ते चित्र बाजूला सारणारा माणूस मात्र समाजालाच घडवावा लागेल.