फॉर्म बदलतो, डेटा राहतो

प्रोजेक्टचा विषय ठरला की पहिलं भांडण कशावरून होतं? फ्रंट एंड कशात करायचं यावरून! पूर्वी व्हिज्युअल बेसिक की जावा यावर रात्री जागायच्या, आता रिअॅक्ट की फ्लटर यावर जागतात. आणि डेटाबेस? "टाकू काहीतरी, मायएसक्यूएल आहेच की!" एवढ्यावर विषय संपतो. खरं तर जास्त विचार इथेच करायला हवा.

थोडा इतिहास पाहू. १९७० पूर्वीच्या डेटाबेसमध्ये माहिती डिस्कवर कशी मांडली आहे, हे प्रोग्रॅमला माहीत असावं लागे. मांडणी बदलली की प्रोग्रॅमही बदला! आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती साध्या टेबलांमध्ये ठेवायची, काय हवं ते सांगायचं आणि कसं शोधायचं ते डेटाबेसवर सोडायचं, असा त्यांचा विचार. त्यावर आयबीएममध्येच चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली जी भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. १९८६ मध्ये तिचं अमेरिकन स्टँडर्ड ठरलं. आता तुलना करा. व्हिज्युअल बेसिक १९९१ साली आलं, त्याची सहावी आवृत्ती १९९८ ला आली, आणि तिच्या डेव्हलपमेंट टूलचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये बंद केला. साधी सिलेक्ट क्वेरी मात्र अजून चालतेच आहे. म्हणजे टूल येतात नि जातात, टेबल मागे राहतं.

म्हणूनच माहितीचे नियम फॉर्ममध्ये नव्हे, टेबलातच लिहावेत. आपल्या मेसचंच उदाहरण घ्या. खाड्यांचं एक टेबल आहे. नियम तीन : रजिस्टरमध्ये नसलेल्या मुलाचा खाडा लागणार नाही, एका मुलाचा एका तारखेला एकच खाडा, आणि वजा होणारी रक्कम ऋण नसावी. आपण काय करतो? हे तिन्ही नियम 'सेव्ह' बटणाच्या कोडमध्ये लिहितो. डेमो झकास होतो. पण पुढच्या वर्षी ज्युनियर मोबाईल अॅप जोडतात, किंवा ऑफिसातून कुणी एक्सेलची शीट थेट टेबलात ओततं. आता ते बटण वाटेत येतच नाही! एकाच दिवसाचे दोन खाडे लागतात आणि महिनाअखेरीस हिशेब जुळत नाही.

तेच नियम टेबलात लिहिले तर? विद्यार्थी क्रमांक आणि तारीख मिळून प्रायमरी की करा, विद्यार्थ्यांच्या टेबलाकडे फॉरेन की द्या, रकमेवर चेक लावा. मग एंट्री फॉर्ममधून येवो, अॅपमधून येवो नाहीतर एक्सेलमधून, गेटवरचा वॉचमन एकच.

दुसरी गोष्ट ट्रान्झॅक्शनची. समजा, डिपॉझिटमधून ५०० रुपये कमी करून मेसच्या बिलात जमा करायचे आहेत. पहिलं काम झालं आणि दुसऱ्याच्या आधी लाइट गेली, तर ५०० रुपये गेले कुठे? दोन्ही कामं 'बिगिन' आणि 'कमिट' यांच्यामध्ये ठेवली, तर ती दोन्ही होतात किंवा एकही होत नाही. यात जादू काही नाही. डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो, आणि कमिटच्या वेळी तो लॉग डिस्कवर गेल्याशिवाय "झालं" म्हणत नाही. मशीन पुन्हा सुरू झालं की लॉग वाचून कमिट झालेलं पुरं करतो, अर्धवट राहिलेलं पुसतो. या विषयात मोलाचं काम करणाऱ्या जिम ग्रे यांना १९९८ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं.

पण सावधान! कन्स्ट्रेंट लिहिला म्हणजे तो लागू झालाच असं नाही. मायएसक्यूएलमध्ये मायआयसॅम प्रकारचं टेबल असेल तर फॉरेन की निमूटपणे सोडून दिली जाते, आणि ट्रान्झॅक्शनही मिळत नाही. ५.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, इनोडीबी हा डिफॉल्ट प्रकार झाला, पण जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत. चेकचंही तसंच. तो २०१९ च्या ८.०.१६ आवृत्तीपर्यंत नुसता वाचला जाई, पाळला जात नसे. मोबाईल अॅपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी सहसा बंदच असते. प्रत्येक कनेक्शनला ती चालू करावी लागते.

मग करायचं काय? सबमिशनच्या आधी तासभर काढा. फॉर्म बाजूला ठेवा, कमांड लाइन उघडा आणि मुद्दाम चुकीच्या एंट्र्या टाका : नसलेला विद्यार्थी, तोच खाडा दुसऱ्यांदा, ऋण रक्कम. ट्रान्झॅक्शनच्या मध्येच प्रोग्रॅम बंद पाडा आणि पुन्हा चालू करून आकडे बघा. फ्रेमवर्कने टेबलं आपोआप बनवली असतील, तर नेमकी काय बनवली तेही तपासा. डेटाबेसने "एरर" म्हटलं तर खूश व्हा. त्याने चूक गपचूप घेतली, तर काम बाकी आहे.

एक्सटर्नल व्हायवात हे विचारतील न विचारतील. पण असा प्रोग्रॅम उद्या खरंच मेसमध्ये बसला, तर त्यातून निघणारं बिल भरायचं आपल्यालाच आहे!