खोडदची दुर्बीण आणि उशिरा पोचणारे ठोके

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडद परिसरात, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची मिळून बनलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारली. भरीव पत्र्याऐवजी पोलादी दोरांनी ताणलेली बारीक तारांची जाळी वापरल्यामुळे वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका राहतो. जाळीची छिद्रे तरंगलांबीच्या मानाने लहान असल्याने रेडिओलहरी मात्र त्यांतून निसटत नाहीत.

या दुर्बिणीच्या महत्त्वाच्या लक्ष्यांपैकी एक म्हणजे स्पंदक. प्रचंड वस्तुमानाच्या ताऱ्याचा स्फोट झाल्यावर त्याचा गाभा कोसळून साधारण 20 ते 25 किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा उरतो, आणि असा फिरता तारा चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओलहरींचे झोत फेकत असेल व ते पृथ्वीवरून जात असतील, तर प्रत्येक फेरीला एक ठोका नोंदवला जातो. 1967 साली केंब्रिजमध्ये जॉसलिन बेल यांना प्रथम आढळलेला ठोका दर 1.337 सेकंदांनी येत होता.

मात्र ठोका जसा निघतो तसा पोचत नाही. ताऱ्यांमधल्या अवकाशात विखुरलेले मुक्त इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेच्या लहरींना अधिक रखडवतात, आणि हा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जे1909-3744 हा स्पंदक सुमारे 2.95 मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. त्याच्या एकाच ठोक्यातील 300 मेगाहर्ट्‌झची लहर 500 मेगाहर्ट्‌झच्या लहरीनंतर सुमारे 0.3 सेकंदाने पोचते, म्हणजे तेवढ्यात ताऱ्याच्या शंभराहून अधिक फेऱ्या झालेल्या असतात. म्हणून संगणक प्रत्येक वारंवारतेचा विलंब वजा करतो, मग नोंदीचे एकेका फेरीएवढे तुकडे पाडून ते एकमेकांवर रचतो, आणि एरवी गोंगाटात बुडालेला ठोका तेव्हा कुठे वर येतो.

हा विलंब कायम सारखा राहत नाही, कारण दृष्टिरेषेवरील इलेक्ट्रॉनांची संख्या हळूहळू बदलते आणि त्यामुळे ठोक्यांच्या वेळा मायक्रोसेकंदांनी सरकतात. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांपासून अपेक्षित असलेल्या गुरुत्वीय लहरींचा याच वेळांवर होणारा परिणाम याहूनही सूक्ष्म असल्याने, जिथे विलंब ठळक दिसतो त्या कमी वारंवारतेवर तो मोजावाच लागतो. भारतीय व जपानी संशोधकांचा गट हे मोजमाप जीएमआरटीवर करतो. 2023 साली अशा लहरींचे पुरावे मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रयत्नांत युरोपीय गटाच्या जोडीने त्याचाही वाटा होता.

अडचण अशी की नेमक्या याच कमी वारंवारतेच्या पट्ट्यात माणसाचा गोंगाट मोठा आहे. मोबाइल मनोरे, दळणवळण यंत्रणा आणि उपग्रह यांचे संदेश ताऱ्याच्या संदेशापेक्षा कित्येक पटींनी बलवान असतात. वीजवाहिन्यांच्या सैल जोडांवर उडणाऱ्या ठिणग्या तर अधिक फसव्या, कारण त्या विजेच्या 50 हर्ट्‌झच्या तालावर उडतात आणि नियमित ठोक्यांच्या शोधात खोट्या स्पंदकाचा आभास निर्माण करतात. अशा नोंदी गाळणारी संगणकीय चाळणी बसवली असली, तरी गाळलेल्या भागाबरोबर ताऱ्याचा संदेशही जातो आणि तो परत मिळवता येत नाही. त्यामुळे या दुर्बिणीचे पुढील यश तबकड्यांइतकेच, सभोवतालची रेडिओ-शांतता किती जपली जाते यावर अवलंबून राहील.