बॉक्सिंगची रिंग चौकोनी, मग तिला रिंग का म्हणायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत इअरफोन काढणं जमत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लेखी रूप.

एका ऐकणाऱ्यानं व्हॉइस नोट पाठवली होती: "दादा, बॉक्सिंगची रिंग चौकोनी असते, तरी तिला रिंग का म्हणतात?" प्रश्न साधा वाटला. पण उत्तर शोधता शोधता मी शनीवर गेलो, मग केमिस्ट्रीत, मग गणितात आणि शेवटी तुमच्या हातातल्या फोनमध्ये येऊन पोचलो. चला तर मग.

आधी खेळ

इंग्लंडमध्ये जुन्या काळी मुठींच्या लढती व्हायच्या तेव्हा लोक गोल करून उभे राहायचे आणि मधल्या मोकळ्या जागेत दोघं भिडायचे. आपल्याकडे वारीत रिंगण होतं, ते आठवा. वारकरी कडेनं उभे राहतात आणि मधून अश्व धावतात. पुढे गर्दीला मागे ठेवायला खुंट आणि दोर आले. चार खुंट ठोकून दोर बांधला की चौकोनच होणार ना! १८३८ च्या 'लंडन प्राइझ रिंग' नियमांमध्ये तर २४ फुटांचा चौकोन असं स्पष्ट ठरलेलं आहे. आकार बदलला, नाव तेच राहिलं, कारण काम तेच होतं: आतले आत, बाहेरचे बाहेर.

आजचा मुद्दा हाच आहे. रिंग म्हटलं की गोल आकार डोळ्यांसमोर येतो, तो जरा बाजूला ठेवा. रिंग म्हणजे आतलं आतच राहील असा नियम.

शनीची कडी

चित्रात शनीभोवतीचं कडं सीडीसारखं सलग दिसतं. तसं ते नाहीये. सलग, टणक चकती असती तर ती टिकलीच नसती, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं निव्वळ गणित करून दाखवलं. त्याचा निबंध १८५९ मध्ये छापला गेला, म्हणजे तिथे कुठलंही यान जाण्याच्या शंभरहून जास्त वर्षं आधी! ही कडी म्हणजे मुख्यतः बर्फाचे असंख्य तुकडे. काही धुळीच्या कणाएवढे, काही घराएवढे. मुख्य कड्यांचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण २,८०,००० किलोमीटर, आणि जाडी बऱ्याच ठिकाणी फक्त दहाएक मीटर. वेगामुळे तुकडा शनीवर कोसळत नाही, आणि शनीच्या ओढीमुळे निसटूनही जात नाही. इथे दोर नाही, खुंट नाही. नियमच कुंपणाचं काम करतो.

बेन्झीन

बारावीत काढलेला तो षटकोन आठवतोय? सहा कार्बन, सहा हायड्रोजन. कार्बनच्या साखळीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली आहेत, ही कल्पना केकुलेनं १८६५ मध्ये मांडली. आपण वहीत एक सोडून एक दुहेरी बंध काढायचो, पण प्रत्यक्षात सहाही बंध सारख्याच लांबीचे असतात. कारण त्यातले सहा इलेक्ट्रॉन कुठल्याच एका जोडीचे नसतात, ते अख्ख्या वलयाचे असतात. त्यामुळेच बेन्झीन एवढं स्थिर असतं.

गणितातली रिंग

इथे तर आकारच नाही. पूर्ण संख्या घ्या. बेरीज करा, वजाबाकी करा, गुणाकार करा, उत्तर पूर्ण संख्याच येणार. ७ भागिले २ केलं की मात्र बाहेर पडलात. ज्या संचात या तीन क्रिया करूनही बाहेर पडता येत नाही आणि बेरीज-गुणाकाराचे नेहमीचे नियम चालतात, त्याला म्हणायचं रिंग. हे नाव डेव्हिड हिल्बर्टनं १८९७ मध्ये वापरलं, आणि १९२१ च्या एमी नोएदरच्या पेपरनं या विषयाला आजचं रूप दिलं. या बाईंनी गटिंगेनमध्ये कित्येक वर्षं बिनपगारी शिकवलं, आणि १९३३ मध्ये ज्यू म्हणून नाझींनी त्यांना काढून टाकलं!

सगळ्यात ओळखीची रिंग भिंतीवर आहे: घड्याळ. ९ वाजल्यानंतर ५ तासांनी १४ नाही, २ वाजतात. १२ म्हणजेच ०. आता गंमत बघा, ३ गुणिले ४ किती? १२, म्हणजे शून्य! दोन्ही संख्या शून्य नाहीत, तरी गुणाकार शून्य.

आणि आता तुमचा फोन

मी रोज कोड लिहितो, त्यामुळे या भागात माझा जीव अडकलाय. कॉम्प्युटरमधली पूर्ण संख्या हे असंच एक मोठं घड्याळ असतं. ३२ बिटांत ऋण-धन दोन्ही संख्या ठेवल्या तर सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. त्यात १ मिळवला की साधारणपणे काटा फिरून थेट उणे २,१४,७४,८३,६४८ वर जातो. एरर येईलच असं नाही. रिंगला 'बाहेर' ठाऊकच नसतं, मग ती तक्रार कशाची करणार?

बऱ्याच सिस्टिम्स वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. ३२ बिटांचे हे सेकंद मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात. पुढच्या सेकंदाला अशा मशीनसाठी डिसेंबर १९०१ उजाडतो.

हे फक्त कागदावरचं नाहीये. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्राधिकरणानं बोइंग ७८७ बद्दल आदेश काढला: २४८ दिवस सलग वीज चालू राहिली तर सॉफ्टवेअरमधला काउंटर भरून वाहतो आणि सगळे जनरेटर कंट्रोल एकदम बंद पडू शकतात. आता हिशेब करा, सेकंदाचा शंभरावा भाग मोजत गेलात तर २,१४,७४,८३,६४८ पर्यंत पोचायला किती दिवस लागतात? साधारण २४८ आणि अर्धा!

तुमचा फोन बहुधा ६४ बिटांचा आहे. त्यातले सेकंद संपायला जवळपास २९२ अब्ज वर्षं आहेत, निवांत झोपा. चिंता आहे ती जुन्या राउटरची, कारखान्यातल्या कंट्रोलरची, डेटाबेसमधल्या जुन्या कॉलमची. आणि २०३८ ची वाट बघायचीही गरज नाही. आज कुणी २० वर्षांचं गृहकर्ज घेतलं तर त्याचे शेवटचे हप्ते आत्ताच त्या तारखेच्या पलीकडे पडतात. तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांनी या आठवड्यात एवढंच करा: आपल्या प्रोजेक्टमध्ये वेळ किती बिटांत साठवलाय ते एकदा उघडून बघा.

बाकीच्यांसाठी गृहपाठ. १२ च्या घड्याळात शून्य गुणाकार देणाऱ्या अजून जोड्या शोधा. मग ७ च्या घड्याळात शोधून बघा. तिथे एकही सापडणार नाही. का, ते व्हॉइस नोटवर कळवा. उत्तर पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!