‘दादा, कॅम्बर किती ठेवू?’ : टायर, अलाइनमेंट आणि आमचा फसलेला प्रयोग

दर वर्षी फॉर्म्युला भारत जवळ आली की कॉलेजच्या ज्युनियर्सचे मेसेज सुरू होतात. यंदाचा पहिला होता, ‘दादा, फ्रंटला कॅम्बर किती ठेवू?’ मी एक आकडा सांगून मोकळा होऊ शकलो असतो. पण याच आकड्यापायी आमच्या टीमने एकदा चांगलाच मार खाल्लाय. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी ती गोष्ट ऐकावी असं मला वाटतं, गाड्यांशी संबंध नसला तरीही.

सुरुवात वजनापासून करू. समजा गाडी २२० किलोची आणि ड्रायव्हर ७० किलोचा. म्हणजे प्रत्येक चाकावर सरासरी ७२ किलो, बलाच्या भाषेत साधारण ७१० न्यूटन. गाडी १.४ जी ने वळतेय, गुरुत्वमध्य जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत १.२ मीटर अंतर आहे असं धरा. आतल्या दोन चाकांवरचा जवळजवळ १००० न्यूटन भार बाहेरच्या दोन चाकांवर जातो. पुढे-मागे तो सारखा वाटला गेला, तर बाहेरच्या प्रत्येक चाकावर सुमारे १२०० न्यूटन येतात आणि आतल्यावर उरतात जेमतेम २००.

आता गंमत अशी की टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. याला लोड सेन्सिटिव्हिटी म्हणतात. हलक्या गाडीला याचा फायदा मिळतो. पण दुसऱ्या बाजूने मारही बसतो, कारण एवढ्या कमी भारावर टायर पुरेसा तापतच नाही. रेसिंगचं रबर ठराविक तापमानाला चिकटतं आणि ऑटोक्रॉसचा लॅप तर मिनिटा-दीड मिनिटात संपतो. म्हणून मोठ्या गाडीत जिंकलेला कम्पाउंड आपल्या गाडीत थंड दगडासारखा वागू शकतो. आमच्यासारख्या टीम १३ इंची आणि १० इंची रिममध्ये महिनोन्महिने वाद घालतात. लहान चाक हलकं पडतं, पण त्याच्या आत ब्रेक आणि अपराइट बसवताना जीव जातो. माझं मत विचाराल तर आधी कम्पाउंड ठरवा, मग रिम.

‘पण टीटीसीचा डेटा आहे ना!’ हे पुढचं वाक्य ठरलेलं. टायर टेस्ट कन्सोर्शियम ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. अमेरिकेत बफेलोला कॅलस्पॅनच्या यंत्रावर टायर फिरवतात, वेगवेगळा भार, प्रेशर, कॅम्बर आणि स्लिप अँगल देऊन बलं मोजतात. तो डेटा सदस्यांपुरता असतो, म्हणून इथे आलेख टाकत नाही. त्यावर आपण पासेकांचा ‘मॅजिक फॉर्म्युला’ बसवतो, कर्व्ह सुंदर जुळतो आणि तिथेच फसगत होते. कारण यंत्रावरचा पट्टा सँडपेपरसारखा खरखरीत असतो. त्यावर मिळणारी पकड डांबरावर मिळत नाही. बऱ्याच टीम त्या आकड्याला ०.६ ते ०.७ ने गुणतात. हा गुणक कुठल्या समीकरणातून येत नाही, तो आपल्या ट्रॅकवर आपणच शोधायचा असतो. दोन टायरची तुलना करायला हा डेटा उत्तम आहे. लॅप टाइमचं भविष्य सांगायला मात्र बेताचाच.

आता कॅम्बर. समोरून बघितलं आणि चाकाचा माथा आत झुकलेला दिसला तर तो निगेटिव्ह कॅम्बर. वळणात गाडी बाहेर कलते, तिच्यासोबत बाहेरचं चाकही कलतं आणि टायर बाहेरच्या कडेवर उभा राहू पाहतो. म्हणून आधीच थोडं उलट झुकवून ठेवायचं. जास्त झुकवलं तर सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना टायरची आतलीच कड काम करते.

आम्ही हे स्किडपॅडवर तपासलं. वर्तुळाची त्रिज्या ९.१२५ मीटर, फेरीची वेळ मोजली की पार्श्व त्वरण थेट मिळतं. ५ सेकंदांची फेरी म्हणजे साधारण १.४७ जी. वेळ वर्गात येते, त्यामुळे ०.१ सेकंदाचा फरक म्हणजे त्वरणात ४ टक्के. सकाळी उणे १ अंशावर सरासरी ५.२८ आली, दुपारी उणे २ वर ५.१६. आम्ही नाचलो! अपराइटच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग उणे २ धरून मशीन शॉपला गेलं, वर्गणीचे पैसेही गेले.

पाच दिवसांनी एक शिम हरवली आणि नाइलाजाने परत उणे १ वर यावं लागलं. दुपारची वेळ. सरासरी आली ५.१४.

सकाळचं काँक्रीट थंड होतं, दुपारचं तापलेलं. फेऱ्या मारून मारून पट्ट्यावर रबर बसलं होतं आणि ड्रायव्हरचा हात सुधारला होता. टायर गरम झाल्यावर प्रेशर किती चढलं हे कुणी लिहिलंच नव्हतं. एवढं सगळं बदललं आणि श्रेय घेतलं कॅम्बरने. त्यात स्टॉपवॉच हाताने दाबलेलं, म्हणजे मोजमापातली चूकच फरकाच्या जवळपास जाणारी. एक शिम हरवली नसती तर आम्ही आजही उणे २ ची शपथ घेत असतो.

नंतर आम्ही एक, दोन, एक, दोन अशी सेटिंग आलटून पालटून घेतली. दर वेळी थंड आणि गरम प्रेशर, जमिनीचं तापमान आणि टायरवर आत, मध्ये, बाहेर अशी तीन ठिकाणची तापमानं लिहिली. वेळेतला फरक विखुरलेल्या आकड्यांत बुडून गेला. तापमानं मात्र बोलली. उणे २ ला पुढच्या टायरची आतली कड दर वेळी बाहेरच्यापेक्षा स्पष्ट गरम होती, उणे १ ला तिन्ही आकडे जवळजवळ आले. (मध्यभागच जास्त तापला तर आधी प्रेशरकडे बघा, कॅम्बरला हात लावू नका.)

टोबद्दल थोडक्यात. पुढे किंचित टो-आउट दिला की गाडी वळणात चटकन शिरते, मागे किंचित टो-इन दिला की शेपूट शांत राहते. पण १० इंची रिमवर १ मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळपास पाव अंश. दोरी लावून मोजत असाल तर दोघांनी वेगवेगळं मोजा आणि आकडे एकमेकांना न दाखवता लिहा. आमच्यात पहिल्यांदा मोजलेले दोन आकडे जुळलेच नव्हते. आणि कॅम्बर बदलला की टो पुन्हा तपासा, तोही हलतो.

ज्युनियरला मी हे सगळं लिहून पाठवलं. खाली लिहिलं, ‘उणे दीडपासून सुरू कर, दर दोन बदलांनंतर पहिल्या सेटिंगवर परत ये.’ तासाभराने उत्तर आलं, ‘थँक्यू दादा. पायरोमीटर कुणाकडे आहे?’