उतारावरची पावती

साताऱ्याहून येताना खंबाटकी उतरली, खेड-शिवापूरचा टोलनाका मागे पडला, की आम्हा कात्रजकरांना घरी पोहोचल्यासारखंच वाटतं. समोर नवा कात्रज बोगदा येतो. तो ओलांडला की जांभूळवाडीचा तलाव, दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, भूमकर चौक आणि मग नवले पूल. तिथून वळलं की कात्रज चौक. या पट्ट्यात गाडीला पळवावं लागत नाही. रस्ता उताराचा आहे, गाडी आपोआप पळते. माझं पहिलं अतिवेगाचं चलान याच उतारावर झालं.

त्या दिवशी मला कोणी अडवलं नाही. शिट्टी नाही, हात दाखवणं नाही. दोन दिवसांनी अण्णांच्या मोबाइलवर मेसेज आला, कारण गाडी त्यांच्या नावावर. ते चष्मा लावून तो मेसेज तीनदा वाचून माझ्याकडे आले.

"अरे, हे माझ्या नावावर कसं काय आलं? मी तर महिनाभर गाडीला हातही लावलेला नाही."

फोटो उघडून पाहिला. नंबर आमचाच, गाडी आमचीच, तारीख मावशीकडून परत आल्याची. कोपऱ्यात मर्यादा आणि माझा वेग, दोन्ही आकडे. फरक 21 किलोमीटरचा. दंड 2,000 रुपये. अण्णा निवृत्त शिक्षक. आयुष्यात कधी त्यांच्या नावाने पोलिसांचा कागद आला नव्हता. "कोर्टात जावं लागेल का रे?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि त्यांच्या आवाजातली ती धास्ती मला दंडापेक्षा जास्त लागली.

तेव्हापासून सोसायटीत कोणाला पहिलं चलान आलं की तो आमचं दार वाजवतो. आणि मी प्रत्येकाला आधी एकच सांगतो: पैसे भरायची घाई नको, भांडायची घाई नको, आधी पावती वाचा.

वाचायची पण खरी पावती. व्हॉट्सअ‍ॅपवर "तुमचं चलान" म्हणून एखादी एपीके फाइल आली, तर तिला बोट लावू नका. ती उघडून लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. पोलीस कोणालाही अ‍ॅप पाठवून चलान देत नाहीत. मेसेजमधली लिंकसुद्धा दाबू नये. महाराष्ट्र पोलिसांचं महाट्रॅफिक अ‍ॅप किंवा राज्याचं ई-चलान संकेतस्थळ आपण स्वतः उघडावं आणि गाडीचा नंबर टाकून पाहावं. चलान खरं असेल तर ते फोटोसकट तिथे दिसतं. उलटही घडतं. गाडीच्या नोंदणीला जुना मोबाइल नंबर असतो आणि चलानं साचत राहतात. मग गाडी विकायला काढली की आरटीओत व्यवहार अडतो. तेव्हा नोंदणीतला नंबर आजच तपासा.

आता पावतीत काय पाहायचं? कॅमेऱ्याने पकडायचं तर कायद्याने पोलिसांवरही बंधनं घातली आहेत. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यात 2019 साली मोठी दुरुस्ती झाली, कलम 136 अ आलं, आणि ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय नियमांत 167 अ हा नियम आला. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं. पुढे कॅमेरा आहे हे सांगणारा फलक रस्त्यावर हवा. चलानात नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, जागा, तारीख, वेळ आणि मोडलेलं कलम, एवढं असायलाच हवं. यातलं एखादं नसेल तर तक्रारीला आधार आहे.

दुसरं कलम फार कमी लोकांना ठाऊक असतं. अतिवेगाचं कलम 183 आहे, आणि त्याच्याच पोटकलमात म्हटलंय की "मला वाटलं गाडी वेगात होती" एवढ्या एकाच साक्षीदाराच्या मतावर कोणाला दोषी धरता येत नाही, त्या मतामागे यंत्राचं मोजमाप हवं. म्हणून तर पुलावर स्पीडगन घेऊन वाहन उभं असतं. ही गन लेझरची. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे शेकडो ठोके क्षणार्धात गाडीवर मारते, प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला ते मोजते, आणि अंतर किती झपाट्याने कमी होतंय त्यावरून वेग काढते. गन रस्त्याच्या कडेला, थोडी तिरकी असते. मोजमापात काहीतरी घोटाळा होतो तो याच तिरकसपणामुळे, असं अनेकांना वाटतं. भूमिती नेमकी उलट सांगते. कोन जितका मोठा तितका मोजलेला वेग खऱ्यापेक्षा कमी भरतो, म्हणजे चालकाच्याच फायद्याचा. "पण माझ्या काट्यावर एवढा वेग नव्हता" हेही टिकत नाही. गाडीच्या काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये असं मानक आहे, त्यामुळे कंपन्या तो जरा जास्तच दाखवणारा ठेवतात.

म्हणून मी पैसे भरले. फोटो माझा होता, आकडा माझा होता. चारचाकी हलक्या वाहनाला कायद्याने एक ते दोन हजारांचा दंड आहे, जड वाहनाला दोन ते चार हजारांचा. डिसेंबर 2021 पासून महाराष्ट्राने वाढीव दर लागू केले, त्यात मोटारीला दोन हजार पडतात. ही रक्कम म्हणजे कलम 200 खालचं तडजोड शुल्क. ते भरलं की प्रकरण तिथेच मिटतं, खटला उभा राहत नाही. अण्णांना मी हेच समजावलं. कोर्टाचा प्रश्न येतो तो न भरणाऱ्याला किंवा ज्याला हे चलान मान्यच नाही त्याला. पण दुसऱ्यांदा सापडलं तर परवाना जप्त होण्याची तरतूद कलम 183 मध्येच आहे, हेही त्यांनी मला वाचून दाखवलं.

शेजारच्या काकूंची गोष्ट वेगळी. त्यांची स्कूटर भाजी आणायला आणि नातवाला शाळेत सोडायला, कात्रज तलावाच्या पलीकडे ती कधी जात नाही. त्यांना परजिल्ह्यातल्या महामार्गावरचं अतिवेगाचं चलान आलं. फोटो मोठा करून पाहिला तर नंबर काकूंचा, पण गाडी भलतीच, मोटारसायकल. कोणीतरी खोटी नंबरप्लेट लावून फिरत होता. काकू म्हणाल्या, "जाऊ दे रे, भरून टाकते, कोण कटकट करणार." मी त्यांना भरू दिलं नाही. भरणं म्हणजे ती गाडी आपली होती असं मान्य करणं, आणि उद्या त्याच नंबरच्या गाडीने कोणाला उडवलं तर पोलीस काकूंच्या दारात येतील. आम्ही स्कूटरचे चारही बाजूंनी फोटो काढले, नोंदणीपत्र जोडलं, अ‍ॅपवर तक्रार टाकली आणि नंबर चोरीला गेल्याचा अर्ज पोलीस चौकीत देऊन त्याची पोच घेतली. काही आठवडे गेले. चलान रद्द झालं. त्या पोचेचा कागद काकूंनी देव्हाऱ्याच्या कपाटात जपून ठेवलाय.

तक्रार किंवा भरणा किती दिवसांत करायचा याचे नियम अलीकडे बदलत आहेत, म्हणून तुमच्या चलानावर किंवा नोटिशीवर छापलेली मुदतच प्रमाण माना.

आता कोर्ट. या शब्दानेच आपल्याकडे माणूस अर्धा होतो. शहाण्याने पायरी चढू नये हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. पण वाहतुकीचं कोर्ट त्या म्हणीतलं कोर्ट नाही. तिथे न जाताही काम होण्याची सोय कायद्यातच आहे. कलम 208 खाली समन्स येतं, त्यात लिहिलेलं असतं की तुम्ही स्वतः या, वकील पाठवा किंवा गुन्हा कबूल असल्यास पत्राने कळवून रक्कम पाठवा. आणि आता तर आभासी न्यायालय आहे. देशातलं पहिलं दिल्लीत जुलै 2019 मध्ये सुरू झालं. महाराष्ट्रातलं सुरू झालं ते मुंबई-पुण्यात नव्हे, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला, 31 ऑक्टोबर 2020 रोजी. पोलिसांनी पाठवलेलं चलान तिथले न्यायाधीश संगणकावर पाहतात, दंड ठरवतात, आणि तुम्हाला मेसेज येतो. संकेतस्थळावर चलान क्रमांक किंवा गाडीचा नंबर टाकला की दोन पर्याय दिसतात: दंड भरतो, किंवा मला हे मान्य नाही. दुसरा निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जातं आणि तिथे तुमचं म्हणणं ऐकलं जातं.

हजर राहायची वेळ आलीच, तर समन्स, नोंदणीपत्र, परवाना, विमा, पीयूसी आणि चलानाच्या फोटोची छापील प्रत सोबत ठेवावी. वेळेआधी पोहोचावं आणि दाराबाहेर लावलेल्या यादीत आपला क्रमांक पाहून ठेवावा. मोबाइल बंद ठेवावा. नावाचा पुकारा झाला की पुढे जायचं, हात जोडण्याची किंवा घाबरण्याची गरज नाही, सरळ उभं राहायचं. न्यायाधीश आरोप थोडक्यात सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? कबूल असेल तर "कबूल आहे" एवढंच पुरतं. पहिलीच वेळ असेल तर ते सांगावं. पण ट्रॅफिक होतं, घाई होती, सगळेच तसे चालवतात, ही लांबण लावू नये. तिथे रोज असे शेकडो लोक येतात आणि सगळ्यांना घाई असते. दंड ठरतो, खिडकीवर भरायचा, पावती घ्यायची. कबूल नसेल तर तसं स्पष्ट सांगायचं. मग पुढची तारीख पडते आणि पोलिसांना पुरावा आणावा लागतो: फोटो, यंत्राचं प्रमाणपत्र, साक्ष. वकील घेणं सक्तीचं नाही. हवा असेल आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. महिलांना तर उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तर मी भांडलेच असते!"

राहिली लोकअदालत. वर्षातून साधारण चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत भरते. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात तुंबलेल्या चलानांसाठी तेव्हा रांगा लागतात. काही चलानांची रक्कम तडजोडीत कमी होते आणि तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. जुनी, विसरलेली, वादातली चलानं मिटवायला ही सोय चांगलीच आहे. पण आपल्या खऱ्या चुकीचा दंड अर्धा व्हावा म्हणून लोकअदालतीची वाट पाहणं मला पटत नाही. आमच्या उताराकडे पाहिलं की तर मुळीच नाही.

20 नोव्हेंबर 2022. रविवारची रात्र. एक ट्रक याच उतारावरून सुटला आणि नवले पुलाजवळ अनेक गाड्यांना धडकत गेला. आधी ब्रेक फेल झाल्याचं म्हटलं गेलं. तपासात पोलिसांनी सांगितलं की चालकाने डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती. मग 13 नोव्हेंबर 2025 ची संध्याकाळ. पुन्हा नवले पूल, पुन्हा अनावर झालेला अवजड ट्रक, पेटलेल्या गाड्या, दोन ट्रकच्या मध्ये चिरडलेली मोटार आणि त्यातली माणसं. त्या रात्री आमच्या सोसायटीत घरोघरी फोन चालू होते: तुझा पोहोचला का, तुझी पोहोचली का.

या उतारावर ट्रक का सुटतात? लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकडत नाहीत. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरायचं असतं, म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढतं. गाडी न्यूट्रल केली की ते ओढणं संपतं आणि सगळा भार तापलेल्या ब्रेकवर येतो. हे चालकांना ठाऊक असतं. पण लिटरमागचा हिशोब मालक ठेवतो, आणि जीव चालकाचा व आपला. रस्त्याच्या आखणीचे दोष आहेत, ते दुरुस्त व्हायलाच हवेत, आणि त्यासाठी आपण ओरडत राहिलं पाहिजे.

पण माझी मोटार ट्रक नव्हती. माझ्यासाठी एवढं गणित पुरेसं आहे. कोरडा सपाट रस्ता, चांगले टायर, आणि धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा. 60 च्या वेगातली मोटार साधारण 37 मीटरमध्ये थांबते. 80 ची मोटार पहिल्या एका सेकंदातच 22 मीटर पुढे गेलेली असते. पहिली मोटार जिथे पूर्ण थांबली, त्या जागी दुसरी अजून ताशी 60 च्या वेगात असते. म्हणजे तिथे जर कोणी रस्ता ओलांडत असेल, तर पहिली गाडी त्याच्यासमोर थांबेल आणि दुसरी त्याला 60 ने धडकेल. उतारावर हे आणखी वाईट. आणि वाचतं काय? बोगदा ते नवले पूल या अंतरात जेमतेम दोन मिनिटं. मावशीकडून परत येताना मी तो फरक मिळवला होता, आणि घरी येऊन बातम्या बघत बसलो होतो.

2025 च्या अपघातानंतर या पट्ट्यातली वेगमर्यादा आणखी खाली आणली गेली. साताऱ्याकडून येणाऱ्यांनी जुना आकडा डोक्यात ठेवून उतरू नये, फलक वाचावा.

गेल्या आठवड्यात आम्ही पुन्हा साताऱ्याला जाऊन आलो. परतताना अण्णा पुढच्या सीटवर होते. बोगद्याचे दिवे संपत आले तसे ते म्हणाले, "तिसरा टाक." मी टाकला. गाडी घुरघुरली आणि काटा खाली आला. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत राहिला. "वाजवू दे त्याला," अण्णा म्हणाले, "डावीकडे घे आणि जाऊ दे." तलावापर्यंत तो दिसत होता, मग वळणावर दिसेनासा झाला.