दिवस नसलेली तारीख

डोकेदुखी कधी सुरू झाली, या रकान्यात फक्त महिना आणि वर्ष आहे, असा फॉर्म औषधचाचण्यांत हमखास येतो. समजा, नोंद आहे मार्च 2019 आणि औषधाचा पहिला डोस 14 मार्चला. दुखणं औषधाआधीचं की नंतरचं? रुग्णालयाकडे विचारणा झालेली असते. रुग्णाला आठवत नाही. पुण्यात बसून सांख्यिकी प्रोग्रॅमर म्हणून आम्ही जे काम करतो, त्याचा कस मला अशाच ठिकाणी लागताना दिसतो.

मूळ नोंदींच्या एसडीटीएम संचात तारीख अपुरीच ठेवायची: 2019-03. विश्लेषणाच्या अ‍ॅडॅम संचात मात्र पूर्ण तारीख लागते. तिथला प्रचलित नियम औषधाला झुकतं माप देत नाही. दुखणं डोसच्याच महिन्यातलं असेल तर 14 मार्च धरायचा, म्हणजे ते औषधानंतरच्या त्रासांत मोजलं जातं. शेजारच्या रकान्यात ‘डी’ ही खूण करायची: दिवस आम्ही भरला आहे. औषध कोणाला आणि प्लासिबो कोणाला, हे उघड होण्याआधीच हा नियम लिहून ठेवलेला असतो. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. आकडे पाहून नियम ठरला, तर त्रासदायक औषधही सौम्य दिसू शकतं.

महत्त्वाचे तक्ते दोघंजण वेगवेगळे बनवतात. दुसऱ्याने पहिल्याचा कोड पाहायचा नाही, फक्त स्पेसिफिकेशन वाचायचं. मग सॅस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधल्या ‘प्रॉक कम्पेअर’ने दोन्ही निकाल ताडून पाहायचे. फरक निघाला की पुष्कळदा घोळ स्पेसिफिकेशनच्या वाक्यातच सापडतो: ‘पहिल्या डोसनंतर’ म्हटल्यावर त्याच दिवशी सकाळी झालेली उलटी धरायची का? शिवाय दिवस मोजताना पहिल्या डोसचा दिवस 1, आदला दिवस उणे 1, शून्य नाहीच. त्यामुळे तारखांच्या वजाबाकीत एक मिळवायचा, पण डोसच्या दिवसापासून पुढेच. नवी मुलं इथे अडकतात.

17 डिसेंबर 2016 नंतर सुरू झालेल्या चाचण्यांचा डेटा नव्या औषधाच्या अर्जासोबत प्रमाणित मांडणीतच द्यावा, असं अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेचं बंधन आहे. त्यामुळे तिथला परीक्षक आमचा तक्ता स्वतः पुन्हा मोजू शकतो. त्याच्यासाठी एक मार्गदर्शिकाही जोडतात. कोणता दिवस आम्ही का भरला, ते तीत साध्या भाषेत सांगायचं. ती बहुधा शेवटच्या आठवड्यात घाईने लिहिली जाते. माझं मत स्पष्ट आहे: ती पहिल्या तक्त्याबरोबरच लिहायला घ्यावी.